कॅम्पवरून लांबच्या कड्यावरचे क्लाइंबर टिपताना: फोटो कुठे फसतो आणि कामाचा क्रम कसा ठेवायचा

तंबूसमोर कडा आहे, कड्यावर दोन-तीन ठिपके, म्हणजे दोर लावून चढणारे क्लाइंबर, हळूहळू वर सरकताहेत, आपण कॅमेरा काढतो, झूम शेवटपर्यंत नेतो, पन्नास फोटो काढतो आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघतो तर सगळे मऊ, धुरकट, माणूस कुठे संपला आणि कातळ कुठे सुरू झाला तेच कळत नाही. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि त्यापुढचा प्रश्न दर वेळी ठरलेला, की आता कोणती लेन्स घेऊ? खरं सांगायचं तर लेन्स फार कमी वेळा दोषी असते. उभं राहायची जागा चुकलेली असते, वेळ चुकलेली असते, मधली हवा खराब असते आणि फोकस घाईत घेतलेला असतो. म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय ज्या क्रमाने ते करायचंय, मधली पायरी गाळू नका.

१. निघायच्या आधी: अंतराचा हिशोब घरीच करा

माणूस फ्रेममध्ये किती मोठा दिसणार हे आधी काढता येतं. फोकल लेंथ गुणिले माणसाची उंची भागिले अंतर, एवढंच. १.७ मीटर उंचीचा माणूस, ४०० एमएम लेन्स, ५०० मीटर अंतर, तर सेन्सरवर त्याची उंची येते १.३६ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर २४ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे आडव्या फ्रेमच्या उंचीचा साधारण अठरावा भाग. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे होतात जवळपास २२५ पिक्सेल. तेवढ्यात हेल्मेट, हात, दोर सगळं ओळखू येतं. अंतर १ किलोमीटर झालं की हेच ११० च्या आसपास उरतात, तेव्हा चेहरा वगैरे विसरा, आकृती दिसेल. २५० मीटरवर मात्र साडेचारशे पिक्सेल मिळतात आणि फोटोत जीव येतो.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर त्याच लेन्सने माणूस फ्रेममध्ये दीडपट मोठा दिसतो, त्यामुळे या कामासाठी तो कॅमेरा कमी समजू नका. टेलीकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारी जोडकाच) १.४ पटीचा लावला तर एक स्टॉप उजेड जातो, म्हणजे निम्मा, दुपटीचा लावला तर दोन स्टॉप, आणि हवा खराब असेल तर तो फक्त खराबी मोठी करून दाखवतो. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात १ किलोमीटरवरचा माणूस जेमतेम पाच-सहा पिक्सेल भरतो. तिथे डिजिटल झूम करून काही मिळत नाही, फोनच असेल तर तो दुर्बिणीच्या किंवा स्पॉटिंग स्कोपच्या आयपीसला नीट अॅडॅप्टरने बसवून काढा, तेही ट्रायपॉडवर.

बरोबर काय घ्यायचं: टेली लेन्स आणि तिचं हूड, दणकट ट्रायपॉड, ८ किंवा १० पटीची दुर्बीण, दोन जादा बॅटऱ्या, झिप लागणारी मोठी प्लास्टिक पिशवी, लेन्स पुसायचं कापड. लेन्ससमोर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, लांब फोकल लेंथवर तो शार्पनेस खातो.

चढणारे तुमच्याच ओळखीचे असतील तर एक काम नक्की करा, त्यांना लाल, नारिंगी किंवा पिवळं जॅकेट-हेल्मेट घालायला सांगा. लांबची हवा सगळ्यावर निळसर पडदा टाकते, त्यात निळं आणि राखाडी पहिलं विरघळतं. आणि त्यांच्याकडून कागदावर रूट, म्हणजे चढायची वाट, काढून घ्या, कुठल्या भेगेतून सुरुवात, कुठे थांबणार, साधारण किती वाजता.

२. कॅम्पवर पोचल्यावर: उजेड असतानाच जागा शोधा

बहुतेक जण इथेच चुकतात. तंबू जिथे लागला तिथूनच फोटो काढायचा असं धरून चालतात. तंबूची जागा पाण्यासाठी आणि झोपण्यासाठी निवडलेली असते, फोटोसाठी नाही.

कड्याच्या पायथ्याला जाऊन वर लेन्स लावली तर बुटांचे तळवे दिसतात आणि मागे पांढरं आकाश. त्यात वरून दगड सुटले तर थेट तुमच्या डोक्यावर. म्हणून समोरच्या बाजूचं टेकाड किंवा उतार शोधा, जिथून क्लाइंबर साधारण तुमच्या नजरेच्या पातळीला किंवा थोडाच वर येईल. ३०० ते ६०० मीटर अंतर मिळालं तर उत्तम. त्या पातळीवरून कड्याची उंची कळते, माणसाच्या पायाखाली किती मोकळं आहे ते दिसतं, आणि खरं तर आपल्याला तेच दाखवायचं असतं.

अंतर किती आहे हे नकाशावरून काढा, नाहीतर एक सोपी युक्ती आहे. क्लाइंबर खिळा ठोकताना दुर्बिणीतून बघत राहा. हातोडी बसलेली दिसते आणि ठण्ण आवाज नंतर येतो. मधले सेकंद मोजा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दीड सेकंद लागला तर ५०० मीटर आणि तीन सेकंद लागले तर १ किलोमीटर. मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा ज्याला मी "असेल तीनेकशे मीटर" म्हणत होतो तो कडा जवळपास ७०० मीटरवर निघाला. डोंगरात नजर अंतर नेहमी कमीच सांगते.

मग ऊन. कड्याचं तोंड कुठे आहे ते कंपासवर बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी उजळतो, पश्चिमेकडे असेल तर दुपारनंतर. ऊन समोरून सपाट पडलं की कातळ भिंतीसारखा दिसतो, बाजूने तिरपं पडलं की प्रत्येक खाच, प्रत्येक भेग उठून येते, तोच वेळ पकडायचा. सूर्य आपल्या वाटेवर तासाला १५ अंश सरकतो आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे दीड मूठ म्हणजे एक तास. मावळायला किंवा एखाद्या धारेआड जायला किती वेळ आहे याचा अंदाज यावरून येतो.

तपासून घ्या: निवडलेल्या जागेवर उभं राहून रूटचा खालचा, मधला आणि वरचा भाग तिन्ही दिसतात का? मधे झाडाची फांदी येते का? पहाटे अंधारात इथे टॉर्चच्या उजेडात येता येईल का? मागे दरी असेल तर ट्रायपॉडच्या मागे किमान चार पावलं मोकळी जागा हवी, कारण व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला माणूस मागे सरकतो तेव्हा मागे बघत नाही.

३. हवा: या एका गोष्टीसाठी बाकी सगळं बदला

धुरकटपणा आणि झळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. धुरकटपणा म्हणजे हवेतली धूळ, बाष्प, त्याने कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि तो एडिटिंगमध्ये बऱ्यापैकी परत आणता येतो. झळा म्हणजे गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळून प्रकाश वाकडातिकडा होतो, वस्तूंच्या कडा थरथरताना दिसतात, आणि त्याने डिटेल कायमचा जातो. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही, महाग लेन्सनेही नाही.

ऊन चढलं की कातळ तापतो, तापलेल्या कातळाला चिकटून हवा वर चढते, आणि तुमचा क्लाइंबर नेमका त्याच हवेत लटकलेला असतो. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तास सोन्यासारखा. तेव्हा दगड गार असतो. ढगाळ दिवसही यासाठी चांगला, लोक उगाच नाराज होतात. दुपारी १२ ते ३ मध्ये लांबचे क्लोजअप काढू नका, तेव्हा झूम मागे घेऊन पूर्ण डोंगर आणि त्यात बारीकशी माणसं अशी फ्रेम करा, त्यात झळा कमी जाणवतात.

झळा फक्त तिकडेच नसतात, तुमच्या पायाशीही असतात. एकदा मी ट्रायपॉड लावला आणि समोर दोन-तीन मीटरवर आमच्यातल्याच एकाने चहासाठी स्टोव्ह पेटवला, माझ्या लक्षातच आलं नाही, त्या वीस मिनिटांतला एकही फोटो वापरता आला नाही आणि चढणारे दोघं नेमके तेव्हाच मधल्या छतासारख्या कड्यावरून वर येत होते. अजून वाईट वाटतं. स्टोव्ह, शेकोटी, उन्हात तापलेला तंबू, गाडीचं बॉनेट, मोठा तापलेला खडक, यातलं काहीही लेन्सच्या समोर नको.

तपासून घ्या: लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून कातळाची एक धारदार कड दहा सेकंद बघा. कड स्थिर असेल तर कामाला लागा. पाण्याखालून बघितल्यासारखी हलत असेल तर फोकसशी झगडू नका, थांबा किंवा जवळ जा.

४. आदल्या रात्री

बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, पण खिशात गरम केली की बरीचशी परत चालते, म्हणून संपली म्हणून लगेच फेकून देऊ नका. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्जला लावू नका, ती कायमची खराब होते.

कॅमेरा मात्र गारच राहू दे. गरम तंबूतून एकदम बाहेर काढलेली लेन्स स्वतःच्याच नळीत झळा तयार करते, तिला बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायला अर्धा तास द्या. उलट बाहेरून तंबूत आणताना आधी झिपच्या पिशवीत बंद करा, मग आत आणा, म्हणजे दव पिशवीवर धरेल आणि काचेवर धरणार नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या वेळेशी जुळवा, याचा उपयोग शेवटी कळेल.

५. आधी डोळ्यांनी शोधा, मग कॅमेऱ्याने

४०० एमएमला ५०० मीटरवर फ्रेममध्ये फक्त ४५ मीटर रुंद आणि ३० मीटर उंच एवढाच तुकडा येतो. शेकडो मीटरच्या कड्यात असा तुकडा फिरवत माणूस शोधणं म्हणजे वेळ घालवणं. आधी दुर्बीण. खालून वर, डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्याने बघा. माणूस क्वचित आधी दिसतो, आधी दिसतो रंग, नाहीतर हालचाल, नाहीतर दोर. सकाळच्या तिरप्या उन्हात दोर कातळावर पडलेल्या पांढऱ्या केसासारखा चमकतो आणि त्याच्या टोकाशी गेलं की हेल्मेट सापडतं.

सापडला की जवळची खूण धरा, "पांढऱ्या डागाच्या उजवीकडे, दोन भेगा मिळतात तिथे". आता झूम मागे घेऊन ती खूण फ्रेमच्या मधोमध आणा आणि मगच हळूहळू झूम वाढवा. झूम नसलेली लेन्स असेल तर खुणेपासून खुणेपर्यंत सरकत जा.

सावध: लेन्स फिरवताना सूर्य फ्रेममध्ये येऊ देऊ नका. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

६. ट्रायपॉड

खडकावर किंवा घट्ट जमिनीवर, बर्फ असेल तर आधी पायाने तुडवून घट्ट करून. मधला दांडा वर काढू नका. वजनासाठी बॅग लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकेल एवढी खाली सोडा, हवेत झुलणारी बॅग ट्रायपॉडच हलवते. कॅमेऱ्याचा पट्टा काढा किंवा गुंडाळा, वाऱ्यात तो फडफडतो. लेन्सला कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) असेल तर ट्रायपॉड कॉलरला लावा, बॉडीला नाही. स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर बंद, पण काही लेन्सना ट्रायपॉड मोड असतो, तेव्हा मॅन्युअल बघून ठरवा. शटर बोटाने दाबू नका, रिमोट किंवा दोन सेकंदाचा टायमर.

७. फोकस

सर्वात जास्त फोटो इथे वाया जातात. ऑटोफोकस छोट्या माणसाला सोडून मागच्या कातळाची ठळक भेग पकडतो, किंवा समोरचं गवत. आणि "लांब आहे ना, मग इन्फिनिटीला (रिंगवरच्या अनंत अंतराच्या खुणेला) लावून टाकतो" असं करणारे तर खूपच, पण बऱ्याच टेली लेन्सची रिंग इन्फिनिटीच्याही पुढे फिरते, त्यामुळे शेवटपर्यंत फिरवली की सगळंच मऊ.

असं करा:
१) सर्वात लहान सिंगल फोकस पॉइंट निवडा, क्लाइंबरवर किंवा त्याच्या अगदी शेजारच्या कातळाच्या कडेवर ठेवून एकदा ऑटोफोकस घ्या.
२) मॅन्युअलवर टाका.
३) लाइव्ह व्ह्यू १० पट करा, हेल्मेटची कड किंवा दोर बघत रिंग थोडी पुढे, थोडी मागे, जिथे सर्वात बारीक दिसतं तिथे थांबवा.
४) रिंगवर टेपचा तुकडा लावून टाका.

क्लाइंबर पुढची ४०-५० मीटर चढला तरी एवढ्या अंतरावर फोकस फारसा बदलत नाही. ४०० एमएम, एफ ८, ५०० मीटरवर फोकस म्हटलं तर हिशोबाने साधारण २९० मीटरपासून २ किलोमीटरपर्यंत चालण्याजोगं शार्प येतं. पण मोठी प्रिंट करायची असेल तर या हिशोबावर विसंबू नका, दर अर्ध्या तासाने परत तपासा, कारण ऊन वाढलं की लेन्स तापते आणि फोकस किंचित सरकतो.

८. एक्स्पोजर

अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) एफ ५.६ ते एफ ८. एफ १६ ला नेऊन काही फायदा नाही, भोक फार बारीक झालं की प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि उलट मऊ होतं. क्लाइंबर हळू चालतो त्यामुळे त्याच्यासाठी शटर फास्ट लागत नाही, लागतं ते कंपनासाठी आणि वाऱ्यासाठी. ट्रायपॉडवर १/२५० ते १/५०० सेकंद, हातात धरून ४०० एमएम असेल तर १/५०० च्या खाली जाऊ नका, वारा असेल तर १/१०००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा. नॉइज (फोटोतले दाणे) कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

बर्फाचा उतार असेल तर कॅमेरा त्याला राखाडी समजतो, तेव्हा एक ते दीड स्टॉप प्लस करा. काळा कातळ आणि मागे उजळ आकाश असेल तर क्लाइंबर कातळावर आहे की धारेवर ते बघा: कातळावर असेल तर कातळ धरून मीटर करा (उजेड मोजा), धारेवर आकाशासमोर उभा असेल तर आकाश धरून मीटर करा आणि त्याला काळी सावली होऊ द्या, तो फोटो बहुतेक वेळा जास्त बोलका होतो. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) मध्येच काढा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे कापला जात नाही ना एवढं बघा.

९. बटण कधी दाबायचं

दोन जणांच्या टीममध्ये एक चढतो तेव्हा दुसरा थांबून बिले देतो, म्हणजे त्याचा दोर सांभाळतो. सतत शूट करत बसायची गरज नसते. दुर्बिणीला डोळा लावून ताल समजून घ्या: हात वर चाचपतो, पाय शोधतो, मग अंग वर उचललं जातं. अंगाला चिकटलेले हातपाय लांबून गाठोड्यासारखे दिसतात. एक हात पूर्ण वर ताणलेला आणि एक पाय बाजूला निघालेला असतो तेव्हा ते माणूस म्हणून वाचता येतं, त्या क्षणी पंधरा-वीस सलग फोटोंचा बर्स्ट मारा. झळा थोड्या असतील तरी त्या वीसपैकी एक-दोन फ्रेम हवा क्षणभर स्थिरावलेली असताना निघतात.

फ्रेममध्ये जागा वरच्या बाजूला सोडा, जिकडे तो चाललाय तिकडे. कॅमेरा उभा धरायला लाजू नका, ६० मीटर दोराच्या दोन टोकांना दोघं असतील तर आडव्या फ्रेममध्ये ते मावतच नाहीत. आणि प्रत्येक वेळी एक फोटो झूम मागे घेऊन काढाच, पूर्ण कडा दिसेल असा. तो क्लोजअप कुठला आहे हे नंतर त्यावरूनच कळतं.

सावध: ओरडून "इकडे बघ" म्हणू नका, ड्रोन जवळ नेऊ नका. जो माणूस बोटांवर उभा आहे त्याचं लक्ष तुमच्याकडे नको.

१०. अंधारातले दिवे

पहाटे अंधारात निघालेल्या टीमचे हेडलॅम्प कड्यावर दिसतात, ते काढायला वाइड लेन्स लावा. एफ २.८, आयएसओ १६००, २० ते ३० सेकंद, फोकस आधीच एखाद्या ठळक ताऱ्यावर घेतलेला. तांबडं फुटायच्या आधीची निळसर वेळ सर्वात चांगली, तेव्हा कड्याचा आकारही येतो आणि दिव्याची रेघही.

इथे एक गोष्ट जिवाची आहे. मिनिटाला सहा वेळा दिवा किंवा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, मग परत सहा, हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय मदतीचा इशारा आहे, आणि मिनिटाला तीन वेळा हे त्याचं उत्तर. कड्याकडे टॉर्च लुकलुकवत खेळू नका, फ्लॅश मारू नका, आणि असा इशारा तुम्हाला दिसला तर कॅमेरा सोडून आधी तीनचं उत्तर द्या आणि बचाव पथकाला कळवा. तेव्हा तुमचे वेळ नोंदलेले फोटो, कोण कुठे आणि किती वाजता होतं, शोधणाऱ्यांच्या कामी येऊ शकतात. घड्याळ जुळवायला सांगितलं ते यासाठी. अपघाताचे फोटो बाकी कुणालाच दाखवायचे नसतात.

११. नंतर

कॅम्पवर छोट्या स्क्रीनवर बघून फोटो डिलीट करू नका, शार्प कुठला हे तिथे कळत नाही. घरी १०० टक्के मोठं करून हेल्मेटची कड बघत एका बर्स्टमधून एकच निवडा. आधी धुरकटपणा कमी करा, मग कॉन्ट्रास्ट, मग क्रॉप, आणि शार्पनिंग फक्त क्लाइंबर आणि कातळावर मास्क करून, आकाशावर नको. डीहेझ (धुरकटपणा काढायचा स्लायडर) जास्त ताणला की कातळ निळा पडतो आणि माणसाभोवती उजळ कड येते, ती दिसली की स्लायडर मागे आणा.

कड्यावरचे लोक अनोळखी असतील तर ते खाली उतरल्यावर जाऊन भेटा, फोटो दाखवा, कुठे टाकायचा असेल तर विचारा आणि मूळ फाइल त्यांना पाठवा. स्वतःला लांबून चढताना त्यांनी कधीच बघितलेलं नसतं.